दार, चौकट आणि सांधा



आषाढाची झड लागली की खेडोपाडी घराघरांतून एक ओळखीचा आवाज येऊ लागतो. अडकलेलं दार ओढल्याचा आवाज. कुणी खांद्यानं रेटतो, कुणी लाथ मारतो, आणि शेवटी घरधनी वैतागून कुणाचा तरी रंधा मागून आणतो व दाराची कड तासून टाकतो. दार मोकळं होतं, घर खूश होतं. पुढं माघ-फाल्गुन येतो. आता त्याच दाराच्या आणि चौकटीच्या मध्ये बोट शिरेल एवढी फट पडलेली असते. त्या फटीतून वारा येतो, धूळ येते, आणि कडी काही कोयंड्यात नीट बसत नाही. मग आपण म्हणतो, लाकूडच वाईट निघालं, नाहीतर सुतारानं फसवलं.

बहुतेक वेळा लाकडाचाही दोष नसतो आणि सुताराचाही नसतो. लाकडाचा स्वभाव ध्यानात न घेता दार केलेलं असतं, किंवा घाईनं बसवलेलं असतं. सुतारकाम नव्यानं शिकू पाहणाऱ्या तरुणांना, शाळेत हातकाम घेणाऱ्या गुरुजींना आणि घरचं दार स्वतः दुरुस्त करू इच्छिणाऱ्या मंडळींना मला आज एवढंच सांगायचं आहे. लाकूड हलतं. त्याला हलू द्यावं, पण कुठं आणि किती हलायचं ते आपण ठरवावं. हे ठरवण्याचं साधन म्हणजे सांधा.

लाकूड हलतं म्हणजे काय? झाड तोडलं तरी लाकडाची हवेतलं पाणी पिण्याची सवय जात नाही. पावसाळ्यात ते दमटपणा शोषून फुगतं, उन्हाळ्यात तो सोडून आकसतं. पण हे फुगणं-आकसणं सगळ्या बाजूंनी सारखं नसतं. लांबीत लाकूड जवळजवळ हलतच नाही. हलतं ते रुंदीत. वीस सेंटिमीटर रुंदीची चांगली वाळलेली फळीसुद्धा उन्हाळा ते पावसाळा यांत दोन-तीन मिलिमीटर सहज बदलते. अशा साडेचार फळ्या शेजारी शेजारी खिळून नव्वद सेंटिमीटरचं दार केलं, तर त्या सगळ्यांची वाढ एकत्र होते. सेंटिमीटरभर फरक तिथंच पडतो. आषाढातलं दार अडकतं ते यामुळं.

लाकूड ओलं असेल तर विचारूच नका. नुकतं कापलेलं लाकूड वाळताना आकसतं, वाकतं, पिळवटतं. म्हणून दारासाठी लाकूड घ्यायचं ते वाळलेलं. घरीच फळ्या वाळवायच्या असतील तर त्या जमिनीपासून उंच, सावलीत, मध्ये सारख्या जाडीच्या पट्ट्या घालून रचाव्यात, म्हणजे हवा सगळीकडून खेळते. उन्हात टाकून घाईनं वाळवलेली फळी टोकाला तडकते. साग महाग असला तरी कमी हलतो आणि वाळवीला सहजी दाद देत नाही, म्हणून त्याचा मान. कोकणात फणसाची दारंही चांगली टिकतात. बाभूळ कणखर, औताला आणि गाडीला उत्तम. पण दाराला जड. आंब्याचं लाकूड स्वस्त पडतं, मात्र त्याला कीड लवकर लागते. त्याचं दार केलंच तर पावसाच्या माऱ्यात ते लावू नये.

आता हत्यारांकडे वळू. सुरुवातीला फार लागत नाहीत. एक बारीक दात्यांची करवत, एक रंधा, बारा मिलिमीटरची पटाशी, लाकडी मोगरी, गुण्या, ओळंबा, मापाची पट्टी आणि कडेला समांतर रेघ ओढायचं खतकस. माप आपण सेंटिमीटर-मिलिमीटरमध्ये घेतो. १९५६ च्या कायद्यानं आपल्याकडे मेट्रिक मापं आली. तरी सुताराच्या तोंडी अजून ‘सूत’ आहेच. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, साधारण तीन मिलिमीटर. हा शब्द पुढं आपल्याला लागणार आहे.

हत्यार धारदार ठेवा. बोथट पटाशीला जोर लावावा लागतो, आणि जोर लावला की ती घसरते. पटाशीच्या धारेपुढं हात कधीही येऊ देऊ नका. लाकूड शिकंज्यात आवळा आणि दोन्ही हात धारेच्या मागं ठेवा. गुरुजींनी मुलांकडून हा नियम पहिल्या दिवशीच घोकून घ्यावा.

पहिला सांधा शिकायचा तो अर्ध्या-अर्ध्याचा. दोन पट्ट्या एकमेकींवर आडव्या येतात तिथं दोन्हींची अर्धी जाडी कापायची आणि एकीत एक बसवायची. वरून पाहिलं तर दोन्ही एका पातळीत. करायला सोपा, आणि यात नवशिक्याला सुतारकामाचा मूळ नियम कळतो, तो असा की रेघ ठेवायची आणि रेघेबाहेरचं कापायचं. करवत रेघेच्या टाकाऊ बाजूनं चालली पाहिजे. रेघच खाल्ली की सांधा ढिला झालाच म्हणून समजा. हा सांधा फळ्याच्या चौकटीला, साध्या जाळीला, कोंबड्यांच्या खुराड्याच्या दाराला पुरतो. मोठ्या दाराला मात्र पुरत नाही.

दाराचा खरा सांधा म्हणजे कुसू. एका लाकडाच्या टोकाला जीभ ठेवायची, तिला कुसू म्हणतात. दुसऱ्या लाकडात तेवढंच चौकोनी भोक पाडायचं आणि कुसू त्यात घालायचं. चौकटीच्या उभ्या बाह्या आणि गणेशपट्टी याच सांध्यानं जोडतात. दाराच्या उभ्या आणि आडव्या पट्ट्याही यानंच जोडतात.

कुसू किती जाड ठेवायचं? लाकडाच्या जाडीच्या एक तृतीयांश. पस्तीस-छत्तीस मिलिमीटर जाडीच्या पट्टीला बारा मिलिमीटरचं कुसू. म्हणूनच मघाशी बारा मिलिमीटरची पटाशी सांगितली. भोकाची रुंदी पटाशीच्या रुंदीएवढी ठेवली की काम नेमकं होतं. कुसू याहून जाड केलं तर भोकाच्या दोन्ही भिंती पातळ होऊन फुटतात. बारीक केलं तर कुसूच मोडतं.

आधी भोक पाडा, मग कुसू कापा. उलट करू नका. कुसू मोठं झालं तर कमी करता येतं. भोक मोठं झालं तर लहान कसं करणार? आरपार भोक असेल तर दोन्ही बाजूंनी आखा आणि दोन्ही बाजूंनी निम्मं निम्मं खोदा. एकाच बाजूनं ठोकत गेलात तर पलीकडची कपची उडते. कुसू हाताच्या दाबानं आणि मोगरीच्या एखाद्या हलक्या ठोक्यानं आत जावं. घण घालावा लागत असेल तर थांबा. ते आत जाईल, पण पट्टी उभी चिरेल.

आणखी एक गोष्ट. पट्टीच्या अगदी टोकाशी भोक पाडू नका. उभ्या पट्ट्या दोन्ही टोकांना दोन-तीन इंच लांब ठेवा, सांधा पक्का झाल्यावर जास्तीचा भाग कापा. चौकटीची अशी वाढीव टोकं तर कापायचीही नसतात. ती भिंतीत गाडली म्हणजे चौकट हलत नाही.

कुसू बसलं, आता ते निसटू नये यासाठी दोन उपाय आहेत. एक, पाचर. भोकाचं बाहेरचं तोंड किंचित रुंद करायचं आणि कुसवाच्या दोन्ही बाजूंनी पाचरी ठोकायच्या. कुसू बाहेरच्या अंगाला फुलतं आणि मागं येत नाही. दुसरा उपाय खुंटीचा, आणि तो फार हुशारीचा आहे. भोकाच्या भिंतींतून गिरमिटानं छिद्र पाडायचं. मग कुसू आत घालून त्या छिद्राची खूण त्यावर करायची, पुन्हा बाहेर काढायचं, आणि कुसवावरचं छिद्र खुणेच्या जागी न पाडता अर्धं सूत त्याच्या खांद्याकडे सरकवून पाडायचं. खांदा म्हणजे जिथं कुसू संपून पट्टीची पूर्ण जाडी सुरू होते ती जागा. आता वाळलेल्या बांबूची निमुळती खुंटी ठोकली की ती दोन छिद्रं एका रेषेत आणायला पाहते आणि सांधा आपोआप आवळला जातो. खिळा गंजतो, लाकूड काळं करतो. ही खुंटी तसं काही करत नाही.

तिसरा सांधा खोबणीचा. फळीच्या कडेला लांबच लांब खाच पाडायची आणि दुसऱ्या फळीची कड त्यात बसवायची. चौकडीचं जुनं दार पाहा. बाहेर उभ्या-आडव्या जाड पट्ट्यांचा सांगाडा, आणि मध्ये पातळ तक्ते. हे तक्ते खोबणीत नुसते बसवलेले असतात. त्यांना खिळा नाही, सरस नाही. खोबणीत दोन्ही अंगांना दोन-दोन मिलिमीटर जागा मोकळी सोडलेली असते. पावसाळ्यात तक्ता फुगतो तो त्या मोकळ्या जागेत. उन्हाळ्यात आकसतो, पण खोबणीबाहेर येत नाही. दाराची एकूण रुंदी बदलते ती फक्त दोन उभ्या पट्ट्यांमुळं, आणि त्या दहा-दहा सेंटिमीटरच्या. म्हणजे सेंटिमीटरभर हलणारं दार जेमतेम एक सूत हलणारं झालं. आपल्या जुन्या सुतारांनी लाकडाला अडवलं नाही, त्याला हलायला घरातच जागा करून दिली. नवशिका काय करतो? तक्ता सैल वाटतो म्हणून त्याला खिळे मारतो, नाहीतर सरस लावून पक्का करतो. पहिल्याच वर्षी तक्ता मधोमध तडकतो.

गोठ्याचं, खळ्यावरच्या खोपटाचं दार मात्र उभ्या फळ्यांचंच असतं. मागं आडव्या पट्ट्या मारायच्या आणि एक तिरकी. ही तिरकी पट्टी गावोगाव चुकीच्या दिशेनं मारलेली दिसते. ती बिजागरीच्या बाजूला खाली सुरू झाली पाहिजे आणि कडीच्या बाजूला वर गेली पाहिजे. कारण असं, की दाराचा मोकळा कोपरा स्वतःच्या वजनानं खाली यायला पाहतो. तिरकी पट्टी अशी असली म्हणजे ते वजन तिच्यावर दाबून बसतं आणि ती ते खालच्या बिजागरीकडे पोचवते. दाब सोसायला लाकूड खंबीर असतं. पट्टी उलटी मारली तर तिच्यावर ताण येतो, तो सगळा चार खिळ्यांवर पडतो, आणि खिळे हळूहळू उपटले जातात.

गुरुजनहो, हे वर्गात दाखवायला सोपं आहे. चार पट्ट्यांचा चौकोन करा, प्रत्येक कोपऱ्यात एकच खिळा मारा. बोटानं ढकलला की चौकोन कलतो. एक तिरकी पट्टी मारा, आता तो कलणार नाही. त्रिकोणाच्या बाजू ठरल्या की त्याचा आकार ठरतो, हे भूमितीतलं विधान मुलांना हातानं कळतं.

आता दार बसवण्याकडे येऊ. दार बसवणं म्हणजे आधी चौकट बसवणं. चौकट वाकडी असेल तर सरळ दारही वाकडं वागतं. चौकट जमिनीवर आडवी ठेवून तिचे दोन्ही कर्ण दोरीनं मापा. कर्ण सारखे तर कोन काटकोन. उभी करताना ओळंबा प्रत्येक बाहीला दोनदा लावा, समोरून एकदा आणि बाजूनं एकदा. मग दोन्ही बाह्या एका सपाटीत आहेत की एक पुढं आणि एक मागं, हे बाजूला उभं राहून एका डोळ्यानं बघा. भिंतीकडची बाजू उघडी ठेवू नका. तिला डांबर किंवा रंग द्या, कारण ओल आणि वाळवी तिथूनच येतात. प्रत्येक बाहीला भिंतीत गाडायच्या तीन-तीन लोखंडी पट्ट्या लावा. गवंडी काम करत असताना मध्ये आडवी काठी ठोकून ठेवा, नाहीतर भिंतीच्या दाबानं बाह्या आत येतात.

दार चौकटीत ठेवून पाहा. बिजागरीच्या बाजूला आणि वर अर्ध्या ते एक सुताची फट पुरे, कारण लांबीत लाकूड हलत नाही. कडीच्या बाजूला मात्र ऋतू पाहा. उन्हाळ्यात दार बसवत असाल तर दीड सूत सोडा. पावसाळ्यात ते भरून निघेल. ऐन पावसाळ्यात बसवत असाल तर एक सूत पुरतं, कारण त्या वेळी दार मुळातच फुगलेलं असतं. आषाढात रंधा मारणाऱ्याची चूक इथंच होते. फुगलेल्या दाराला तो उन्हाळ्याची फट देऊन बसतो. एक रुपयाची दोन नाणी एकावर एक धरली की जवळजवळ एक सूत होतं. मापाची पट्टी हाताशी नसली तर हे माप चालतं. कडीच्या बाजूची कड आतल्या अंगाला किंचित उतरती तासा, म्हणजे दार वळताना तिचा कोपरा चौकटीला घासत नाही.

बिजागऱ्या तीन लावा. दोन मीटर उंचीच्या दाराला वरची बिजागरी वरच्या कडेपासून सोळा सेंटिमीटरवर, खालची खालच्या कडेपासून चोवीस सेंटिमीटरवर, तिसरी मध्ये. आडव्या पट्टीचं कुसू जिथं आलं असेल नेमक्या त्या जागी बिजागरी घेऊ नका. स्क्रू कुसवाच्या टोकात जातो आणि तिथं तो नीट धरत नाही.

बिजागऱ्यांमध्ये अंतर का हवं? समजा दाराचं वजन ३२ किलो आणि रुंदी ९० सेंटिमीटर. वजनाचा मध्य बिजागरीपासून ४५ सेंटिमीटरवर. दोन टोकांच्या बिजागऱ्यांत १६० सेंटिमीटर अंतर असेल, तर वरची बिजागरी चौकटीतून उपटण्यासाठी ३२ गुणिले ४५ भागिले १६०, म्हणजे ९ किलोंचा ओढा लागतो. तेच अंतर ८० केलं तर ओढा १८ किलोंचा. दार तेच, लाकूड तेच, आणि बिजागरीवरचा भार दुप्पट. हे उदाहरण सातवी-आठवीच्या मुलांना फळ्यावर जरूर घालून द्यावं.

बिजागरीचं पान लाकडात बसवायला खाच पाडायची ती पानाच्या जाडीएवढीच. खाच खोल गेली तर दार पूर्ण मिटत नाही, मिटवलं तरी उसळून येतं. असं झालं तर घाबरू नका, पानाखाली पुठ्ठ्याचा तुकडा घाला. स्क्रूसाठी आधी बारीक छिद्र पाडा, स्क्रूला साबण चोळा, आणि तो पिळूनच बसवा. हातोडीनं ठोकलेला स्क्रू म्हणजे निव्वळ खिळा. पहिल्यांदा प्रत्येक बिजागरीला एकच स्क्रू लावा, दार दहा वेळा उघडमीट करून पाहा, आणि पटलं तरच बाकीचे लावा. तिन्ही बिजागऱ्यांच्या खिळी एका उभ्या रेषेत हव्यात. दार आपोआप उघडत किंवा मिटत असेल तर ती रेषा ओळंब्यात नाही असं समजा.

शेवटचं काम रंगाचं, आणि बहुतेक जण ते अर्धंच करतात. दाराच्या दोन्ही अंगांना रंग देतात, आणि खालची व वरची कड कोरी ठेवतात. वास्तविक लाकडाच्या रेषा जिथं कापल्या जातात त्या टोकांतून पाणी सगळ्यात लवकर शिरतं. उभ्या पट्ट्यांची ती टोकं या दोन कडांनाच असतात. म्हणून दार लावण्यापूर्वीच या दोन्ही कडांना दोन हात रंग किंवा तेल द्या.

ज्यांच्या घरी दार आजच अडकत आहे त्यांनी लगेच रंधा उचलू नये. आधी कुठं घासतं ते बघावं. कडीच्या बाजूचा वरचा कोपरा चौकटीला किंवा खालचा कोपरा उंबऱ्याला घासत असेल, तर बहुधा वरच्या बिजागरीचे स्क्रू ढिले झालेले असतात. ते काढा, छिद्रात सागाच्या किंवा बांबूच्या काड्या सरस लावून ठोकून भरा, वाळू द्या, आणि स्क्रू पुन्हा बसवा. निम्म्या तक्रारी इथंच मिटतील. दार सगळ्या उंचीभर सारखं घासत असेल तरच ते फुगलंय. तेव्हाही पावसाळा सरेपर्यंत धीर धरा, कोरड्या दिवसांत ते पुन्हा पाहा, आणि तासायचं ते थोडंच तासा. तासलेल्या कडेला रंग द्यायला विसरू नका.

गुरुजनहो, ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली आणि हाताच्या उद्योगातून शिक्षण द्यावं हा विचार देशापुढं आला. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातही सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना गावच्या कारागिरांकडे जाऊन शिकावं असं म्हटलं आहे, आणि त्या कारागिरांत सुताराचं नाव आहे. तुमच्या गावातला सुतार या दहा दिवसांत मुलांना एक कुसू करायला शिकवू शकेल. त्याला मानानं शाळेत बोलवा. मुलांनी एक हात लांबीची छोटी चौकट करावी, तिचे कर्ण मापावेत, आणि ती वर्गात टांगावी.

हे ऐकून प्रत्येक जण सुतार होईल असं मी म्हणत नाही. पण दार करून घेताना लाकूड वाळलेलं आहे का, तक्ते खोबणीत मोकळे आहेत का, तिरकी पट्टी कुठून कुठं गेली आहे, हे विचारणारं गिऱ्हाईक तुम्ही नक्की व्हाल. चांगल्या सुताराला असं गिऱ्हाईक हवंच असतं. जाणतं गिऱ्हाईक घाई करत नाही, आणि चांगल्या कामाचे चार पैसे जास्त द्यायला कुरकुरत नाही.